रांगेत फोडलेला नारळ

माझा स्वभाव हट्टी. माणसांशी भांडते तशी देवाशीही भांडते, आणि त्या वर्षी कोराडीच्या देवीवर माझा फार राग होता. माझ्या प्राचीला सिकलसेल आहे. रक्तातला आजार, आम्हा नवराबायकोकडूनच तिच्यात आलेला. महिना-दोन महिन्यांनी हाडं ठणकायला लागतात आणि पोर दोन-तीन दिवस अंथरूण धरते. एरवी चांगली हसतीखेळती, म्हणून कोणाचा विश्वासच बसत नाही. वर्गातल्या मुली तिला ‘नाटक कंपनी’ म्हणायच्या, सहलीला न्यायला सर कचरायचे. हळूहळू तिनं दुखण्याबद्दल बोलणंच सोडलं. खोटं कशाला बोलू, पेपर आला की बरोबर हिचे पाय दुखतात, असं कधीकधी मलाही वाटायचं.

ती नववीत असताना मी नवस बोलले. नवरात्रात आम्ही दोघी मायलेकी नऊ दिवस निर्जळी करू, संध्याकाळच्या आरतीनंतरच पाणी तोंडाला लावू, पण देवी, हिचं दुखणं घेऊन जा. हिला भरपूर पाणी पाजत जा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण डॉक्टरांचं वेगळं आणि देवीचं वेगळं, असं माझं डोकं. तिचे बाबा म्हणाले, “पोरीले काहून ओढतं वं यात?” तर मी त्यांनाच गप्प केलं.

पाचव्या दिवशी खापरखेड्याहून ऑटोनं आम्ही दोघी दर्शनाला गेलो. उन्हात लांबच लांब रांग. प्राची माझ्यापुढे, तोंडातून शब्द नाही. मला वाटलं, पोर देवीच्या नावात रमली. आमच्या मागे साठीची एक बाई होती, हातात ओटीचं ताट. ती म्हणाली, “पोट्टीचे पाय थरथरून राहिले ना वं. सिकल हाय का हिले?” मी हो म्हटलं, आणि उपास आहे, पाणीसुद्धा नाही, हे मोठ्या तोऱ्यात सांगितलं. बाई म्हणाली, “देवीले तहानलेली पोट्टी काहून पायजे वं?” एवढं बोलून तिनं ताटातला नारळ उचलला, पायरीच्या कडेवर आपटला आणि प्राचीच्या तोंडापाशी धरला. मी म्हटलं, “अहो, तो ओटीचा आहे.” ती म्हणाली, “मंग? भरली माझी ओटी.”

प्राचीनं माझ्याकडे पाहिलं. ओठ सुकलेले, आणि ती माझी परवानगी मागत होती. त्या नजरेची मला आजही लाज वाटते. मी मान डोलावली. नारळाचं पाणी प्यायल्यावर ती तिथंच खाली बसली आणि रडत म्हणाली, “आई, परवापासून दुखून राहिलं. तुझा नवस मोडला असता, म्हणून नाही सांगितलं.”

त्या बाईनं रांग सोडली, आम्हाला ऑटोत बसवलं, स्वतःची पाण्याची बाटली प्राचीच्या मांडीवर ठेवली. नाव विचारायचंही मला सुचलं नाही. दर्शन न घेताच आम्ही दवाखाना गाठला. सलाईन लागलं आणि तिसऱ्या दिवशी पोर घरी आली. ती बाई होती की देवी, यावर मी कोणाशी वाद घालत नाही. मला त्या दिवशी दर्शन झालं, एवढं मला पक्कं ठाऊक आहे.

दुखणं काही गेलं नाही. पण माझी पोर बदलली. दहावीच्या पहिल्याच आठवड्यात ती वर्गासमोर उभी राहिली आणि आपला आजार काय आहे, बाकावर बाटली का लागते, सगळं स्वतः समजावून सांगितलं. शेवटी म्हणाली, “मी नाटक नाही करत. दया बी नको. गैरहजर असली तर वही तेवढी द्या.” पालकसभेत सरांनी हे सांगितलं तेव्हा माझी मान अशी ताठ झाली की घरी येईपर्यंत खाली झुकली नाही. देवीकडे मी अजूनही जाते, पोटभर जेवून. तिनं काय करावं, हे तिला सांगणं मात्र सोडलं आहे. दिलं ते पुष्कळ दिलं.

परवा सकाळी मी पोळ्या लाटत होते. प्राची दप्तर घेऊन स्वयंपाकघरात आली आणि सरळ माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, “आई, आज दुखून राहिलं. पण मले शाळेत जायचं हाय.” मी एवढंच विचारलं, “किती?”

“दहात चार.”

चार म्हणजे चार. मी गॅस बंद केला आणि तिला शाळेत सोडायला निघाले.