पोह्यांखालचं नाव

भांड्यांवर नावं घालायची पद्धत ज्यानं काढली, त्याला आयुष्यात कधी उसनी भांडी आणावी लागली नसणार. ताटलीच्या बरोबर मधोमध, मशीनच्या सुईनं ठिपके ठिपके मारून कोरलेलं ते नाव. चिंचेनं जात नाही, राखेनं जात नाही, विटकरीनं घासलं तर आणखीच चकाकतं. मी सगळं करून बघितलंय.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. वडील ज्या फाउंड्रीत मोल्डर होते तिला कुलूप लागलं होतं. वडील रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचे आणि मिळेल तिथं हमाली करून यायचे. डबा होता म्हणून गल्लीला ते कामाला जातात असं वाटायचं. घरातली पितळी घागर, तांब्याचा बंब आणि मग स्टीलच्या ताटल्या, असं एकेक मोडीत गेलं. मोडवाला भांडं तागडीत टाकायच्या आधी त्यावरचं नाव मोठ्यानं वाचायचा. लग्नात आलेल्या भांड्यांवरचं स्वतःचं नाव त्याच्या तोंडून ऐकताना आई रस्त्याकडं बघत राहायची. पुढच्या खेपेपासून तिनं मला पाठवायला सुरुवात केली.

माझी थोरली बहीण, आक्का, डी.एड.चं पहिलं वर्ष चांगल्या मार्कांनी पास झाली होती. दुसऱ्या वर्षाच्या फीच्या वेळेलाच फाउंड्री बंद पडली. "एक वर्स थांब," वडील म्हणाले. ते वर्ष लांबतच गेलं.

अशात कुरुंदवाडचं स्थळ आलं. मुलगा शिक्षक. आईच्या लांबच्या मामांनी निरोप आणला, की पत्रिका जुळली आहे आणि पोरीचं राहिलेलं वर्ष आम्ही पुरं करू असं ती माणसं आपणहून म्हणाली आहेत. एरवी बघायला येणार म्हटलं की तोंड फुगवून बसणाऱ्या आक्कानं त्या दिवशी तांब्यात निखारे घालून स्वतःच साडीला इस्त्री केली. ट्रंकेच्या तळातल्या डी.एड.च्या वह्या वर काढून ठेवल्या. मी बघितलं तशी म्हणाली, "धूळ झाडायला काढल्यात."

आता मामांनी तिकडं एक गोष्ट जरा सोयीनं सांगितली होती. वडील कारखान्यात होते, त्याऐवजी आहेत म्हणाले होते. त्यामुळं घर निदान कारखान्यात जाणाऱ्या माणसाचं दिसायला पाहिजे होतं. आमच्याकडं पाहुण्यांसमोर ठेवण्यासारखी एकही ताटली नव्हती. मी ओळीतल्या तीन घरांतून ताटल्या, कप, दोन खुर्च्या गोळा करून आणल्या. शेवटच्या खोलीतल्या काकूंनी दिलेल्या ताटल्या सगळ्यात जड आणि झकास होत्या. फक्त त्यांच्यावर काकूंच्या सासऱ्यांचं नाव होतं, आधी 'कै.' आणि शेवटी 'यांच्या स्मरणार्थ'.

"ह्यात पोहं द्यायचं पावण्यास्नी?" आई घाबरली.

मी तेव्हा बी.कॉम.ला होतो आणि जगातल्या सगळ्या अडचणींवर माझ्याकडं युक्ती होती. "आई, नाव मधी हाय. वर पोहं. कुणाला दिसतंय?"

खाल्ल्यावर पोहे संपतात, ही बाब बी.कॉम.च्या अभ्यासक्रमात नव्हती.

दुपारी मंडळी आली. मुलगा, त्याचे आईवडील आणि आमचे मामा. मुलगा खाली मान घालून बसला. गप्पा रंगल्या. वडिलांनी पहिल्या दहा मिनिटांतच सांगून टाकलं, "मी एकटाच. ना भाऊ, ना बहीण." आक्का पोहे घेऊन आली. काकूंच्या सासऱ्यांची जड ताटली नेमकी मुलाच्या वडिलांच्या हातात गेली.

माणूस खाणारा निघाला. चार घासांत कडेचा भाग मोकळा झाला आणि पोह्यांखालून 'कै.' डोकावला. मी झडप घालून डावभर पोहे वर घातले. "घ्या की पावणं, लाजताय काय!"

ते खूश झाले. पुन्हा खाऊ लागले. पुन्हा 'कै.' वर आला. मी पुन्हा डाव घातला. "अगा पोरा, पोट फुटंल की," ते हसत म्हणाले, पण खात राहिले. पाचव्या खेपेला मी आत गेलो तर पातेल्याचा तळ दिसत होता. आमच्या चौघांसाठी झाकून ठेवलेलंही त्यात गेलं होतं. आईनं नुसता रिकामा डाव माझ्यासमोर धरला. दाराआड आक्का उभी होती. तिची नजर त्या ताटलीवरच होती.

मी शेवटचा उपाय म्हणून नुसती कोथिंबीर घेऊन बाहेर गेलो. उशीर झाला होता. मुलाच्या आईनं नवऱ्याच्या हातातली ताटली वाकून वाचली होती.

"हे कोण म्हणायचं?" तिनं साधेपणानं विचारलं.

ती बाई सहज विचारत होती. वडिलांनी तोंड उघडलं होतं, ते खरं तेच सांगणार होते. पण माझी जीभ आधी पळाली.

"माझं थोरलं काका. गेलं बिचारं."

मी आवाजही जरा जड केला होता. मुलाच्या वडिलांनी ताटली खाली ठेवली आणि माझ्या वडिलांकडं बघितलं. "मगाशी तर तुमी एकटंच म्हणालासा."

मी हातातली कोथिंबीर कुठं ठेवावी ते मला कळेना.

"एकटाच हाय मी," वडील म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. "ताटल्या शेजारच्या हायत. आमच्या मोडल्या. कारखाना बंद हाय आमचा." मामा छताकडं बघू लागले.

आणि मुलाची आई हसली. चांगलं हसली. "अवो मग त्यात काय? आमच्यात बी कार्य आसलं की सगळ्या गल्लीची भांडी गोळा हुत्यात." मुलाचे वडीलही हसले. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "लेका, ताटलीपायी काका मारलास की रं!" मग सगळेच हसले. आक्कासुद्धा. मला वाटलं, वाचलो.

निरोपाची वाट बघताना आमच्याकडं कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. दारात सायकल थांबली की आई पदराला हात पुसत उठायची. आक्का वह्या परत ट्रंकेत ठेवायची आणि संध्याकाळी पुन्हा बाहेर काढायची. मी काकूंच्या ताटल्या देऊन आलो तेव्हा त्यांनी विचारलं, "जमलं?" मी म्हणालो, जमतंय.

शेवटी मामाच आले. चहा नको म्हणाले तेव्हाच आईला कळलं.

"पत्रिका जुळत न्हाई म्हणत्यात."

पत्रिका जुळल्यावरच ती माणसं आली होती. नाही म्हटलं ते बंद कारखान्यासाठी, की मी मारलेल्या काकांसाठी, हे आजतागायत मला कळलेलं नाही. रिकाम्या घरात पोरगी द्यायला लोक घाबरतात, तशी रिकाम्या घरातली पोरगी करून घ्यायलाही घाबरतात. पुढं आणखी काय काय निघेल, याची धास्ती. तसं असेल तर मी सुटलो. पण ती बाई खरंच हसली होती. वडिलांना बोलू दिलं असतं तर?

आक्काचं लग्न पुढं नेसरीकडं झालं. माणूस सज्जन आहे. डी.एड. मात्र राहिलं ते राहिलंच. ती अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली, तिच्यापेक्षा लहान सेविकेच्या हाताखाली.

पहिले पगार साठवून ती कोल्हापूरला भांडी घ्यायला आली, तेव्हा पिशव्या धरायला मी होतो. तिनं सहा जड ताटल्या निवडल्या. दुकानदारानं मशीनची वायर लावली. "नाव काय घालू, ताई? फुकट हाय."

"नगं."

"घाला की! कुणी न्हेली तर वळखायची कशी?"

"न्हेऊ दे," आक्का म्हणाली. "ज्येला लागतील त्येनं आपली म्हणून त्यात वाढावं."

दुकानदारानं वायर काढली. रस्त्यावर आल्यावर ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "पोहं बी कमी लागतील." आणि हसली.

मी हसायला गेलो, पण ताटल्या जड होत्या. मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि तिच्या मागं चालू लागलो.