विमानापुढं फटाक्यांची माळ

विमान आमच्या रानात उतरलं याचा मला राग न्हाय. इंजिन बंद पडल्यावर त्या पोरीनं करायचं तरी काय? हरभरा काढून मोकळं झालेलं रान तिनं वरून बरोबर हेरलं. शेवटाला चाक बांधाला अडकलं आणि विमान नाकावर आपटलं. राग आहे तो माझ्या धाकट्या दिराचा. आजही आहे.

शेजारच्या तुकड्यात आम्ही बाया ज्वारी काढत होतो. हातातलं टाकून पळालो. आत शिकाऊ वैमानिक, एकटीच, माझ्या लेकीच्या वयाची. पाय पत्र्यात अडकलेला. पेट्रोलच्या वासानं डोकं भणाणत होतं, खालची माती ओली होत चाललेली. आमचे मालक पहार आणायला पळाले. "मावशी, पेट घ्यायच्या आत काढा मला," पोरगी म्हणत होती. माझ्या हातातला तिचा हात गार पडलेला.

तोवर निम्मं गाव बांधावर, मोबाईल वर करून. बिडी-काडी कुणी पेटवायची न्हाय, हे मी ओरडून सांगितलं. बिडी कुणी पेटवलीही नाही.

फटाक्यांच्या कारखान्यांचं तेरखेडा आमच्या उशाशी. त्यामुळं इथं कशालाही फटाक्यांची माळ लागते. पोरगं झालं, माळ. ट्रॅक्टर आला, माळ. सोसायटीच्या निवडणुकीत पडलेला माणूससुद्धा घरी जाताना एक उडवून जातो. हौस मलाही आहे. पण जागा बघाल की नाही?

मालकांनी पहार घालून पत्रा उचकटला, पाय अर्धा सुटला. एवढ्यात भावजी मोटारसायकलवरून आले, खांद्यावर ही लांब माळ. विमानाच्या नाकापुढंच त्यांनी ती अंथरली आणि खिशातून काडेपेटी काढली.

"भावजी, काय करताय?"

"पोरगी वाचली की, वहिनी. देवीची कृपा. एवढी माळ तर लावायलाच पाहिजे."

लग्न होऊन आल्यापासून त्यांच्यापुढं माझ्या डोक्यावरचा पदर ढळला नव्हता. त्या दिवशी ढळला. काडेपेटी हिसकावली, माळ ओढली आणि बायांच्या पिण्याच्या पाण्याच्या घागरीत कोंबली. "अक्कल गहाण टाकली का? ती अजून आत आहे." तर मालक मलाच म्हणतात, "चारचौघांत असं बोलायचं का?" माणूस पेट्रोलच्या चिखलात उभा, आणि त्याला चारचौघांची पडलेली.

पोरगी निघाली. अँब्युलन्स तिला घेऊन तालुक्याला, वाशीच्या दवाखान्याकडं गेली. भावजी मात्र कितीतरी दिवस तोंड फुगवून होते. माळ भिजवली म्हणून. पोरगी जिवंत जळाली असती, ते कुणाच्या ध्यानीमनी नाही. जावेनं तर तोंडावर सुनावलं, तुमच्यामुळं ह्यांची लई इज्जत गेली.

परवा त्या पोरीचा फोन आला. पाय बरा झालाय, मावशी, रविवारी भेटायला येते. मला हुंदका आवरेना. घरात सगळ्यांना सांगितलं. भावजी पहिल्यांदाच माझ्याकडं बघून हसले, उठले आणि स्टूल घेऊन वरच्या फळीवर चाचपायला लागले.

"काय शोधताय?"

"ती माळ. वाळली असंल आता."

मी घागर उचलली.