टिटवीचा ठसा

जिजी चालता चालता कुठेही थबकायची. डोक्यावर ओल्या कापडाचं गाठोडं, मागे मी तसंच गाठोडं घेऊन, ऊन तापलेलं, आणि ही बाई तापीच्या वाळूत मध्येच उभी. काय झालं म्हणून बघावं तर पायाशी वाळलेल्या गाळाची एक खपली, भेगा पडलेली. "देख वं," ती म्हणायची, "नदीनी कशी छापेल शे!" नव्या सुनेनं सासूपुढे हसू नये एवढं मला कळत होतं, पण पहिल्या दिवशी हसू आवरलं नाही. ती रागावली नाही. "हासी ले," म्हणाली, "मंग देख."

जिजी म्हणजे माझी सासू. सगळं प्रकाशा गाव तिला जिजी म्हणायचं, म्हणून मीही. मी दोंडाईच्याहून लग्न होऊन आले तेव्हा आमचा मुलूख मुंबई राज्यातला पश्चिम खानदेश होता आणि आमचं घर रंगाऱ्याचं होतं. सातपुड्यातल्या बायका डोक्यावरून घेतात त्या छापील फडक्या आमच्याकडे व्हायच्या. मांजरपाट हिरड्याच्या पाण्यात भिजवायचा, वाळवायचा, छापून झाला की रंगाच्या हंड्यात उकळायचा, नदीवर धुवायचा, वाळूवर पसरून पुन्हा पुन्हा पाणी शिंपडायचं, ही सगळी बायकांची कामं. मधलं एकच काम पुरुषांचं, ते म्हणजे लाकडी ठसा उचलून कापडावर मारायचा. ठसे घरचे देव होते. दसऱ्याला त्यांची पूजा व्हायची, आणि बाईनं ठशाला हात लावायचा नाही असा घरचा नेम होता. कुंकूसुद्धा आबाच लावायचे.

आबा म्हणजे माझे सासरे. त्यांचा ठोका असा की एका छापाची कड दुसऱ्याला कुठे मिळाली ते शोधून सापडू नये. पण नक्ष्या मात्र त्याच, त्यांच्या वडिलांनी दिलेल्या. आबांना हात होता, डोळा नव्हता. जिजीला डोळा होता आणि हाताला बंदी. देवानं जोडी जुळवताना थोडी थट्टा केली असावी असं मला तेव्हाही वाटायचं.

तिचा डोळा काय सांगू! शेजारच्या गुजर पाटलांच्या मळ्यात केळीचा खांब तोडला की ती त्याचा काप मागून आणायची. आडवा कापलेला खांब उजेडात धरला की आत जाळी दिसते, पेशी पेशींची, एकीसारखी दुसरी नाही. भेंडीचा देठाकडचा तुकडा गेरूत बुडवून ती मागच्या भिंतीवर उठवायची. चार दिवसांनी सारवायची वेळ आली की भिंत पुसायची आणि दोडक्याचा काप घेऊन पुन्हा सुरू. भाजीला उरायचं ते आमच्या नशिबाचं. "बठ्ठं छापेलच ऱ्हास वं," ती म्हणायची, "आपले फक्त रंग लावाना." सगळं आधीच छापलेलं असतं, आपण रंग तेवढा लावायचा.

मलाही तिनं शिकवलं. डोळे अर्धे मिटून बघायचं, म्हणजे वस्तू जाते आणि काळं-पांढरं तेवढं राहतं. आणि नक्षी काढताना फुलाकडे लक्ष द्यायचं नाही. "दोन फुलेसना मझारनी जागा देख," ती सांगायची. दोन फुलांच्या मधली जागा नीट आली नाही तर शेजारी शेजारी मारलेले ठसे एकमेकांशी बोलत नाहीत, कापड तुटक दिसतं. हे सगळं तिनं एकही ठसा हातात न घेता ओळखलं होतं. ती आबांना सुचवायची, एखादी नक्षी जमिनीवर कोळशानं काढून दाखवायची. आबा एक नजर टाकायचे आणि म्हणायचे, "लोके फडकी डोकावर लेतस, भीतवर टांगतस नही." मग जिजी पायानं कोळसा पुसून टाकायची.

एका हिवाळ्यात ती टिटवीच्या मागे लागली. सकाळी पाण्याच्या कडेच्या ओल्या वाळूत टिटव्यांच्या पायांच्या ओळी उमटलेल्या असतात, तीन तीन बोटांच्या, एक ओळ दुसरीला छेदून जाणारी. जिजी तिथे उकिडवी बसून राहायची. मग तिनं सागाच्या फळीवर कोळशानं ती नक्षी काढली आणि सुताराला नेऊन दिली. आबांनी सांगितलंय, असं बेधडक ठोकून दिलं. सुतारानं ठसा कोरला. तो तिनं जोंधळ्याच्या कणगीत लपवला. दळणाला जोंधळे काढताना माझ्या हाताला तो लागला, तेव्हा तिनं तोंडावर बोट ठेवलं आणि दोघी पदरात तोंड खुपसून हसलो.

होळीच्या आधी डोंगरात भोंगऱ्या बाजार भरतात. आमचा वर्षाचा खरा धंदा त्या आठवड्याचा. त्या वर्षी नेमका आबांना हिवताप आला. हिरड्याचं पिवळं पडलेलं कापड घरात तयार, छापणारा गोधडीखाली कुडकुडतोय. माझ्या यजमानांना छपाई येत नव्हती. ते फक्त माल घेऊन बाजार करायचे. ते शहाद्याला औषध आणायला गेले तशी जिजीनं छपाईच्या खोलीचं दार आतून लावलं. "तू रंगनी गादी सरकाव," मला म्हणाली, म्हणजे तुरटीच्या खळीत भिजलेली गादी, ठसा आधी तिच्यावर टेकवायचा. कणगीतला ठसा तिनं कपाळाला लावला. पहिला ठोका बिचकत मारला, दुसरा जरा तिरका गेला, आणि मग तिचा हात सुटला तो सुटलाच. इतकी सुखात मी तिला आधी पाहिली नव्हती, नंतरही नाही. दुपार टळली तरी ती थांबेना. दुसऱ्या दिवशी आम्ही त्या फडक्या उकळल्या, धुतल्या, आणि ताप जरा उतरला तेव्हा आबांनी छापल्या असतील असं समजून यजमान त्या घेऊन डोंगरातल्या मोलगीच्या वाटेला लागले.

परत आले ते थेट आबांच्या खाटेशी. "आबा, ती पाखरूना पायवाली बठ्ठी गयी! बाया वढी वढी लेत व्हत्यात!" बायकांनी ओढून ओढून घेतली, हे सांगताना त्यांचा चेहरा फुलला होता. आबा उठून बसले. त्यांनी आधी मुलाकडे पाहिलं, मग दाराशी उभ्या जिजीकडे. काही विचारायचं राहिलंच नव्हतं.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. अंगात ताकद आल्यावर त्यांनी सगळे ठसे गोमूत्रानं धुतले, पुन्हा पूजा केली, आणि जिजीचा ठसा तेवढा बाजूला काढून तिच्यापुढे सरकवला. "तापीमा सोडी ये." तिनंच न्यायचा होता. मी बरोबर गेले. तिनं ठसा पाण्यात सोडला, पण सागाचं लाकूड ते, बुडेना. कडेकडेनं तरंगत चाललं. दोन पावलं ती त्याच्या बरोबरीनं पाण्यात चालली, मग थांबली. मला आबांचा त्या दिवशी जो राग आला तो आज ते नसतानाही गेलेला नाही.

पुढच्या होळीला डोंगरातली एक म्हातारी चालत आमच्या दारात आली. जुनं गिऱ्हाईक. बाजारात बोलतात तेवढी अहिराणी तिला यायची. आबांनी पुढे टाकलेल्या फडक्या तिनं हातानं बाजूला सारल्या. "पाखरूना पायवाली दे."

"ती आते व्हत नही," आबा म्हणाले. "तो कारागीर गया."

"मरी गया का?"

"गया."

जिजी तिथेच हंड्यातलं कापड काठीनं ढवळत होती. काठी थांबली. म्हातारी कारागिराबद्दल हळहळून चुकचुकली आणि जुन्या नक्षीची एक फडकी घेऊन गेली. जिजीनं पुन्हा ढवळायला सुरुवात केली. पण त्या दिवसानंतर ती वाळूत थबकली नाही. गाठोडं घेऊन नाकासमोर चालायची, इतकी झपझप की मला गाठताना धाप लागायची. मागच्या भिंतीवर नुसतं शेण राहिलं. भेंडी सगळी भाजीत पडू लागली.

साठ सालानंतर सुरतेकडच्या गिरण्यांचं छापील कापड मोलगीच्या बाजारापर्यंत पोचलं. हलकं, झगझगीत, धुतलं की लगेच वाळणारं. बायकांनी ते घेतलं, त्यांची काय चूक? आमचा हंडा महिन्यातून एकदा चढू लागला, मग सणाला. यजमान शहाद्याला कापडाच्या दुकानात लागले. आबा ओट्यावर बसून राहायचे. बोटांना तेल लावायचे, जणू उद्या काम आहे.

एके दिवशी त्यांनी सुताराकडून एक कोरी सागाची फळी आणली आणि जिजीच्या पुढे ठेवली. वर कोळसा ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज मऊ ऐकला. "ती टिटवी काढी दे. तीच चालनी व्हती. काढी दे, मी कोरी आनस."

जिजी तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "मी आते देखत नही," म्हणाली.

आबांनी बरीच वाट पाहिली. मग स्वतःच कोळसा घेतला आणि फळीवर वाकले. जन्मभर दुसऱ्यांच्या नक्ष्या छापलेला तो हात चाचपडत होता. पाय उमटला, पण चार बोटांचा, आमच्या उकिरड्यावरच्या कोंबडीचा. तसाच त्यांनी कोरून आणला. कापड भिजवून वाळवलं, तुरटीच्या खळीची गादी मांडली, आणि जिजीला हाताला धरून छपाईच्या खोलीत नेलं. सुनेच्या देखत त्यांनी ठसा तिच्या हातात दिला. "मार," म्हणाले. "आते कोन्ही काही बोलाव नही."

जिजीनं ठसा मारला. एकच. नेमका, सरळ, कुठे डाग नाही. उचलून खाली बघितलं, ठसा बाजूला ठेवला आणि पदराला हात पुसले.

"हाई मन्हं नही," हे माझं नाही, एवढं म्हणाली आणि स्वयंपाकाला निघून गेली.

आबा त्या कापडाकडे बघत बसले होते. तुरटीचा छाप उकळत्या रंगात गेल्याशिवाय लाल होत नाही, तोवर त्याची नुसती फिकी सावली दिसते. पण त्या दिवशी हंडा चढवा असं आबा म्हणाले नाहीत, आणि मलाही म्हणवलं नाही. ते कापड तसंच दोरीवर राहिलं. पुढे कधीतरी जिजीनं ते बाकीच्या धुण्याबरोबर तापीवर नेलं, खडकावर आपटलं, आणि घरी आणलं तेव्हा ते कोरं होतं.