आसेगावची वाट, बगळे आणि उरलेला एक फोटो

आसेगावले फटफटीवर जायचं ठरलं, कारण यांच्या मनात बगळे होते आणि माझ्या मनात आई. मी सांगते, नात लिहिते. माझं वऱ्हाडी बोलणं ती सरळ करते. जिथं राहून गेलं तिथं तसंच वाचा.

जर्मनची दुसरी लढाई नुकतीच संपली होती. माझा नवरा वाशीमच्या कापूस जिनिंगमध्ये मिस्त्री. लष्कराच्या मोडीतली फटफटी यांनी चालती केली आणि एक डबा कॅमेरा कुठूनसा पैदा केला. पेट्रोल कुपनावर. तरी हिवाळा लागला की यांचं एकच: फटफटी काढायची, फोटो काढायचे.

भावाचा निरोप आला होता, आईचा खोकला हटत नाही, भाकर सुटली. बाप मी लहान असताना गेला. त्याचा चेहरा आठवायला बसलं तर नुसत्या मिशा दिसतात. आईचं तसं होऊ द्यायचं नव्हतं. रिळात आठ फोटो. मला अक्षर येत नाही, आठपर्यंत मोजता येतं.

पौषातली सकाळ. जाणार असाल तर कान बांधा, मांडीवर गोधडी घ्या. तेव्हा रस्ता म्हणजे बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. चाक फसलं की उतरून ढकलायचं, ते काम बायकोचं. कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, समोरून येत, बैल बुजत आणि गाडीवान यांच्या सात पिढ्या काढत. धुक्यातल्या बंड्यांचा एक फोटो. नाल्यावर बगळे, दोन फोटो, कारण पहिल्या वेळी एक उडाला. शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, एकानं हुरडा भाजून दिला, पैसे घेईना, त्याचा एक. मग पुन्हा बगळे, तीनदा.

"अवो, आता पुरे," मी म्हटलं.

"उजेड पाह्य ना, कसा पडून राह्यला."

"उजेड उद्याही पडते. आईचं काई सांगता येत नाई."

यांनी डबा माझ्या मांडीवर ठेवला. एक फोटो शिल्लक ठेवून आम्ही आसेगावात शिरलो.

आई अंगणात उन्हाला बसली होती, पार वाळलेली. जवाई दिसताच तिनं पदर नाकाखाली ओढला आणि तोंड भिंतीकडे केलं. जावयासमोर सासूनं तोंड उघडं ठेवायचं नाही, ही आमची रीत. सगळी वाट बगळे मोजले, पण हे दोघांनाही सुचलं नव्हतं. यांनी विनवलं, भावानं विनवलं. जवाईबापू त्या डब्यातून पाह्यतीन, असं ती भिंतीले सांगत राहिली.

शेवटी यांनी डबा माझ्या हातात दिला आणि स्वतः गोठ्यामागे गेले. तिथून ओरडून शिकवणी सुरू: पोटाशी धर, वरच्या काचेत पाह्य, श्वास रोख. काचेत आई चिमणीएवढी. डबा इकडे वळवला की ती तिकडे पळायची. आईनं पदर मागे सारला.

"मले पाह्यले आली ना वं?" ती म्हणाली. "मंग त्या डब्यात काय पाह्यतं? मान वर कर."

मी मान वर केली. ती हसत होती. बोटानं खटका दाबला.

तुरीच्या शेंगा हँडलला बांधून अंधार पडायच्या आत वाशीम गाठलं. रीळ धुवायला अकोल्याला गेलं. फोटो आले. यांचे बगळे असे की पिसं मोजावीत. आई तिरपी, कपाळ कापलेलं, अर्धी जागा कुडाच्या भिंतीनं खाल्लेली. हे हळहळले, पुढच्या हिवाळ्यात नीट काढू म्हणाले. पुढचा हिवाळा आईनं पाहिला नाही.

फोटो माझ्याजवळ आहे. पाहणारे आईला सरळ करायला आपली मान वाकडी करतात. मला करावी लागत नाही. खटका दाबला तेव्हा मी डब्यात पाहतच नव्हते.