भाऊसाहेबांचा होकार

नंदन साळवेला कॅनडात येऊन वर्ष उलटलं होतं, आणि या वर्षात तो एकटा असा फक्त वॉशरूममध्ये असायचा. बाकी सगळा वेळ एल्डर बर्जेससोबत. लोक ज्यांना मॉर्मन म्हणतात त्या पंथाच्या प्रचारक मुलांचा नियमच तो. जोडीदार नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात हवा. झोपायची खोली एक, बसमधलं बाक एक, ग्रोसरी आणायला गेलं तरी एका ट्रॉलीमागे दोघं. बर्जेस आयडाहोचा, बटाट्याच्या शेतावर वाढलेला, मनानं निर्मळ. पण दात घासताना तो भजनाची एकच ओळ गुणगुणायचा आणि अलीकडे ती ओळ सुरू झाली की नंदनला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटायचं.

पुण्यात तो नुसता नंदन होता. इथे छातीवरच्या काळ्या पाटीनं त्याला एल्डर साळवे केलं होतं. सकाळी उठून व्यायाम, प्रार्थना, वाचन, मग पांढरा शर्ट, टाय, वर जाड कोट आणि बस. वॉन या उपनगरात वेअरहाउसची शिफ्ट सुटते तिथे थोडा वेळ उभं राहायचं, मग एकसारख्या दिसणाऱ्या घरांच्या रांगांतून बेल वाजवत हिंडायचं. दार उघडायचंच नाही. बेलच्या कॅमेऱ्यातून आवाज यायचा, "नॉट इंटरेस्टेड." पंजाबी ट्रकवाले तेवढे प्रेमानं विचारायचे, "बेटा, खाना खाया?" पण त्यापुढचं ते ऐकून घ्यायचे नाहीत.

वर्षभरात त्याच्या हातून एकही बाप्तिस्मा झाला नव्हता. सोमवारी घरी फोन करायची मुभा असे. आई, सुनंदा, पुण्यात नर्स होती. राहुरीकडचं जुनं चर्च सोडून तिनं हा पंथ धरला तेव्हा भावांनी बोलणं टाकलं होतं. त्यामुळे मुलगा परदेशी सेवेला गेला, हे तिच्यासाठी एका अर्थी उत्तर होतं. "कोणी मिळालं का रे?" ती दर सोमवारी विचारायची. हसत विचारायची, पण विचारायची. फोन ठेवला की नंदनचा पाय टेबलाखाली हलायला लागायचा, तो बर्जेसनं "डूड" म्हणेपर्यंत थांबायचा नाही.

आणि मग भाऊसाहेब भेटले.

बेल वाजवली तेव्हा आतून कॅमेऱ्याऐवजी थेट माणूसच आला. स्वेटर, त्यावर मफलर, पायात मोजे. "कोणे?" असं मराठीतच विचारलं आणि पाटी वाचून म्हणाले, "साळवे? कुठले साळवे?"

"आजोबा राहुरीचे."

"अरे, मी कारखान्याच्या काट्यावर होतो तीस वर्षं. उसाच्या गाड्या मोजायचो. ये, आत ये. हा गोरा कोण?"

"एल्डर बर्जेस. आम्हाला एल्डर म्हणतात. म्हणजे वडीलधारे."

"तुम्ही वडीलधारे? मग मी काय, बालवाडीत जातो?"

नंदनला कित्येक दिवसांनी मनापासून हसू आलं.

भाऊसाहेबांचा मुलगा विक्रम आणि सून कादंबरी सकाळीच कामावर जायचे. नात ऊर्मी शाळेतून आली की बेसमेंटमध्ये जायची आणि आजोबांनी काहीही विचारलं तरी "आय एम गुड, आजोबा" एवढंच म्हणायची. भाऊसाहेबांचं इंग्रजी दुकानापुरतं. त्यामुळे दर गुरुवारी धडा असा चालायचा, की बर्जेस इंग्रजीत सांगायचा, नंदन मराठीत सांगायचा आणि भाऊसाहेब मान डोलवायचे. येशू देवाचा पुत्र? "असणारच." प्रार्थना करून पाहाल? "करू की." मग राहुरीचा बाजार, उसाची मळी, कुणाचा कोण, असं घोडं गावाकडे वळायचं ते उठेपर्यंत.

एका गुरुवारी बर्जेसनं घसा साफ करून विचारलं, "तुम्ही बाप्तिस्मा घ्याल?"

नंदननं विचारलं. भाऊसाहेब म्हणाले, "घेऊ ना."

बर्जेसचे डोळे भरून आले. त्याच्या गावात हो म्हणजे हो असतं. दारी आलेल्या पोराला तोंडावर नाही म्हणायचं नसतं, ही रीत त्याला कुठून ठाऊक असणार? नंदनला ठाऊक होती. पण त्यानं ती बोलून दाखवली नाही. सोमवारी आईला सांगितलं, आईनं सगळ्या मंडळीला. पुण्यात दहाबारा माणसं भाऊसाहेबांसाठी उपास करायला लागली.

पुढच्या गुरुवारी बर्जेसनं चर्चमधल्या हौदाचा फोटो दाखवला. पांढरे कपडे घालून त्यात पूर्ण बुडी मारायची असते, हे समजावलं. भाऊसाहेब खूश झाले.

"पाणी कोमट असतं ना? झालं तर मग. नाशिकला केली, त्र्यंबकला केली, गाणगापूरला केली. कॅनडात तेवढी अंघोळ राहिली होती. विक्रमला सांगितलं मी. तो म्हणाला, बाबा, टॉवेल घरून न्या."

"काय म्हणाले?" बर्जेसनं विचारलं.

"आनंद झाला म्हणाले," नंदन म्हणाला.

ते खोटं नव्हतं. पण त्या दिवसापासून नंदनला घास गोड लागेना. बसमध्ये तो उगाच उभा राहायचा, जागा असली तरी. रात्रीच्या प्रार्थनेत बर्जेस भाऊसाहेबांचं नाव घ्यायचा तेव्हा हा डोळे उघडून गालिच्याकडे बघायचा. सांगावं तर आईची मान खाली जाणार. आणि हो तर ते स्वतःच म्हणालेत ना, आपण थोडीच बळजबरी केली? असं मनाशी म्हटलं की घटकाभर बरं वाटायचं, मग पाय पुन्हा हलायला लागायचा.

शनिवारी बाप्तिस्मा ठरला. त्याआधी एक मुलाखत असते. शिकवणारे ती घेत नाहीत, त्यांच्या वरचा मुलगा घेतो. तो आला गुरुवारी, भाऊसाहेबांच्याच घरी. टोंगा बेटावरचा, दाराएवढा धिप्पाड आणि आवाजानं मऊ. मुलाखत खासगीत व्हायची, पण मराठी कुणाला येणार? दुभाष्या म्हणून नंदन बसला. बर्जेस समोरच्या खोलीत, काचेच्या दारापलीकडे, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून.

पहिले प्रश्न सरळ गेले. मग त्या मुलानं विचारलं, "चहा, कॉफी, दारू, तंबाखू सोडायला तुम्ही तयार आहात?"

नंदननं विचारलं.

"त्या दिवशी ना? राहू की. चतुर्थीला राहतोच मी. चहा सुटला तर डोकं धरेल जरा, पण एका दिवसानं काय होतंय?"

टोंगाचा मुलगा नंदनकडे पाहत होता. काचेपलीकडून बर्जेसही. इंग्रजीत एक 'यस' म्हटलं की पुढचा प्रश्न. हौद भरलेला, पांढरे कपडे इस्त्री केलेले, पुण्यात उपास चाललेले.

"ते म्हणतात, त्या दिवसापुरतं," नंदन इंग्रजीत म्हणाला. "त्यांना हे व्रत वाटतंय. तीर्थाची अंघोळ. मी त्यांना नीट सांगितलेलं नाही."

त्या मुलानं कपाळाला आठी घातली नाही. "मग आता सांग," एवढंच म्हणाला.

नंदननं खुर्ची भाऊसाहेबांकडे वळवली. "काका, हे एका दिवसाचं नाही. कायमचं आहे. चहा कायमचा. दर रविवारी चर्च, तेही कायमचं. आणि पूजा एकाचीच."

"म्हणजे देवघर?"

"लग्नासारखं आहे, काका. एकदा लागलं की दुसरीकडे बघायचं नाही."

मफलरचं टोक भाऊसाहेबांनी बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"देवघरात हिच्या माहेरचे टाक आहेत," ते म्हणाले. "हिनं जाताना सांगितलं, आपल्यानंतर विक्रम बघेल न बघेल, तुम्ही आहात तोवर तुम्ही बघा. मी ते हातातल्या पिशवीतून आणले विमानात. सामानात टाकले नाहीत."

"मग नको, काका."

"नकोच." मग त्यांनी विचारलं, "तू हे आधी का नाही बोललास रे?"

"तुम्ही हो म्हणत होतात."

"म्हणणारच. दर गुरुवारी पोरं येतात, मराठीत बोलतात. नाही म्हटलं असतं तर पुढच्या गुरुवारी कोण येणार होतं?"

टोंगाच्या मुलानं मराठी न कळताही ओळखलं असावं. त्यानं उठून भाऊसाहेबांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, चर्चला कळवायचं मी बघतो, असं नंदनला म्हणाला आणि गेला.

रस्त्यावर वारा झोंबत होता. दोघं बरंच अंतर चालून गेले.

"तुला माहीत होतं?" बर्जेसनं विचारलं.

"टॉवेलच्या दिवसापासून. खरं तर त्याच्याही आधी."

"मी घरी लिहिलं होतं. माझ्या आजीनं त्यांचं नाव आपल्या पंथाच्या मंदिरात पाठवलं प्रार्थनेसाठी."

"माझ्या आईनं उपास केलेत."

बर्जेस थांबला. रागावला असता तर नंदनला बरं वाटलं असतं. पण त्यानं फक्त नाक पुसलं आणि फोनवर पुढच्या आठवड्याचा आराखडा उघडला. ज्यांना शिकायचं नाही त्यांच्यासाठी वेळ ठेवायचा नसतो, हा नियम दोघांनाही पाठ होता.

"गुरुवार काढू?"

"आपण यापुढे येणार नाही, हे मी त्यांना सांगितलंच नाही," नंदन म्हणाला.

बर्जेसनं अंगठा तसाच हवेत धरला. "मग सांगायला तरी जावं लागेल," तो म्हणाला आणि फोन खिशात टाकला.

"आणि त्या दिवशी सांगणं जमलं नाही तर?"

"या दारी तुझी पाळी," बर्जेस समोरच्या घराकडे हनुवटीनं खुणावत म्हणाला.

नंदन पायऱ्या चढला. सोमवारी आईला काय आणि कुठून सांगायला लागायचं, याची जुळणी करत त्यानं बेल दाबली.