तीस माणसं आणि एकच लॉगिन

शैलाअक्कांना कामावरून काढायचा मेमो टाइप होऊन तयार होता. फक्त मालकांची सही बाकी होती.

पीण्या औद्योगिक वसाहतीतला हा सुटे भाग बनवणारा कारखाना माझा क्लायंट. मी डीबीए, म्हणजे लोकांचे डेटाबेस सांभाळणारी. शैलाअक्का तिथल्या इन्स्पेक्टर, मूळच्या सीमाभागातल्या चिकोडीच्या. तिथली पद्धत अशी की माल तयार झाला की ऑपरेटर आधी 'पास' टाकून मोकळे होतात. मग अक्का तपासून खराब माल 'रिजेक्ट' करतात. पण दुसऱ्या दिवशी तोच माल पुन्हा 'पास' दिसायचा. दोनदा तसा माल गिऱ्हाइकाकडे गेला.

"नोंद त्यांची, मग बदलणार दुसरं कोण?" मालक मूर्ती सर म्हणाले.

"अगं, मी कशाला करू असलं? अठरा वर्षं झाली मला इथं," अक्का मला मराठीत म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या. मला भयंकर राग आला.

"सर, बदल कुणाच्या लॉगिनने झालाय?"

"लॉगिन एकच आहे ना, मॅडम. सगळ्यांना सोपं पडतं."

कप्पाळ माझं! तीस माणसं, एक लॉगिन, आणि पासवर्ड प्रत्येक मॉनिटरवर चिकटवलेला. वेगवेगळी लॉगिन करा म्हणून दोन वर्षं घसा कोरडा करत होते मी. उत्तर ठरलेलं, "सरी मॅडम, करू. स्वल्प थांबा." सरी म्हणजे कन्नडमधलं 'बरं'.

शेवटी मी लॉगिन ट्रिगर लावला. ट्रिगर म्हणजे दारावरचा वॉचमन. कुणी डेटाबेसमध्ये शिरलं की तो वहीत लिहितो, कुठल्या कॉम्प्युटरवरून, कुठल्या प्रोग्रॅममधून, किती वाजता. लॉगिन एकच असलं तरी कॉम्प्युटरचं नाव लपत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेब्बाळच्या फ्लायओव्हरवर अडकले होते, तेवढ्यात सरांचा फोन. "मॅडम, काय करून ठेवलंत? कुणालाच आत जाता येईना!"

चूक माझीच. त्या लॉगिनला वहीत लिहायची परवानगी द्यायला मी विसरले होते. आणि हा वॉचमन असा हट्टी, की नोंद झाली नाही तर कुणालाच आत सोडत नाही. माझं लॉगिन वेगळं होतं म्हणून वाचले. टॅक्सीतच लॅपटॉप उघडून परवानगी दिली. तोवर फर्स्ट शिफ्ट हात बांधून बसली होती आणि सर कन्नडमधून माझा उद्धार करत होते.

त्याच्या दुसऱ्या दिवशी अक्कांचे तीन रिजेक्ट पुन्हा पास झाले. बरोबर त्या मिनिटाला वहीत एकच नोंद होती. प्रोग्रॅम, एक्सेल. कॉम्प्युटर, मूर्ती सरांचा लॅपटॉप.

"मी? मी तर फक्त माझी शीट बघतो!"

शीट आदल्या दिवसापासून उघडीच असायची, अक्कांनी तपासायच्या आधीची माहिती घेऊन. सर सकाळी कॉफी पिता पिता 'अपडेट' बटण दाबायचे. त्यांना वाटायचं, ताजी माहिती येते. ते बटण उलट त्यांची कालची माहिती डेटाबेसवर लिहायचं. रोज!

सरांनी लॅपटॉप मिटला. मग हळूच म्हणाले, "मॅडम, वहीतून माझं नाव काढता येतं का?"

"येत नाही, सर."

येतं खरं तर.

त्यांनी माझ्यासमोर मेमो फाडला. अक्कांना आत बोलावून सांगितलं, "टेक्निकल प्रॉब्लेम होता." बस्स, एवढंच.

बाहेर आल्यावर अक्का भडकल्या. "टेक्निकल प्रॉब्लेम म्हणे! माझ्यावर आळ घेताना बरं नाव घेऊन घेतला!"

आता नव्या क्लायंटकडे गेले की मी सगळ्यात आधी मालकांचा लॅपटॉप तपासायला मागते.