शर्टाचा वास

कपाशीच्या फवारणीचे दिवस आले की ती दुपार आजही माझ्या छातीवर येऊन बसते. निवृत्त झालो तरी ती काही माझा पिच्छा सोडत नाही.

हिंगणघाट तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. एका गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला, "साहेब, गाडी धाडा लवकर. लोकं पोरायले जितं ठेवत नाई." कारण मला माहीत होतं. व्हिडिओ त्याच्याआधी माझ्या मोबाइलवर पोचला होता. लांबून काढलेला. कपाशीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दहावीतली दोन पोरं वर्गातल्याच तिसऱ्याला दाबून धरतात, त्याचा शर्ट फाडतात, अंगावर बादलीने पाणी मारतात. खाली लिहिलं होतं : यांना सोडू नका.

तिसरा बेशुद्ध होता. गावकऱ्यांनी त्याला ग्रामीण रुग्णालयात नेलं. उरलेल्या दोघांना आमच्या जमादाराने गर्दीच्या हातून ओढून ठाण्यात आणलं. अल्पवयीन, म्हणून कोठडी नाही. माझ्या खोलीत बाकावर बसवलं, पालकांना निरोप धाडला. तोवर गर्दी मागोमाग आलीच. फाटक हलू लागलं. माझ्याकडे चार शिपाई होते आणि बाहेर अख्खं गाव.

"पहा साहेब, कसा घाम सुटला," जमादार म्हणाला. "गुन्हा आपोआप बोलून राह्यला."

मी मोठ्याला विचारलं, "काऊन मारलं बे त्याले?"

"मारलं नाई साहेब. फवारा मारून राह्यलो होतो. तो पडला. शर्ट काढून पाणी टाका म्हणून शाळेत सांगतलं होतं..." त्याची जीभ जड झाली. हनुवटीवरून लाळ ओघळली. दुसरा पोट धरून थरथरत होता.

"नाटकं करतेत," जमादार म्हणाला.

घाम, थरथर, चुकवलेली नजर. आमच्या खात्यात एवढ्यावर माणूस गुन्हेगार ठरतो. पण घाबरलेल्याचं तोंड कोरडं पडतं, लाळ गळत नाही. मी पोराची मान वर केली. डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. जप्तीत आणलेला फाटका शर्ट नाकाशी नेला. दर हंगामात ज्या मृतांचे पंचनामे केले, त्यांच्या कपड्यांना यायचा तोच वास.

रुग्णालयात फोन लावला. डॉक्टर म्हणाले, "मारहाण झाली असं सांगितलंय. डोक्याची तपासणी करायला वर्ध्याला पाठवतोय."

"थांबा. फवारणीची विषबाधा आहे. इथे आणखी दोघं आहेत."

म्हणजे ज्याच्यासाठी गाव पेटलं होतं, त्याचाच जीव गाव घालवत होतं! आणि वाचवणाऱ्यांचाही. या दोघांना रुग्णालयात न्यायची गाडी फाटकापलीकडे, गर्दीत अडकली होती.

मी शर्ट घेऊन बाहेर गेलो. बेशुद्ध पोराचा बाप सगळ्यांत पुढे, हातात तुतारी. बैल हाकायची, खिळ्याची. "त्यायले बाहेर काढा साहेब, नाईतर आम्ही आत येतो."

"आधी हा हुंग. तुझ्या पोराचा आहे."

"मले काय शर्ट दाखवता!"

"हुंग म्हणतो ना."

त्याने हुंगला. पुन्हा हुंगला. जन्मभर पाठीवर फवारणीचा पंप वाहिलेला माणूस तो. तुतारी खाली पडली. "अरे बापा... हे तर औषध हाय." मग तो गर्दीकडे वळून ओरडला, "सरका! सरका ना बे!"

त्या दोघांतल्या एका पोराचं डोकं मांडीवर घेऊन तोच जीपमध्ये बसला. बाजूला झालेली माणसं तेव्हाही मोबाइल वर धरून होती.

तिघेही वाचले. माझ्यापुरता धडा एवढाच : पाहणं म्हणजे पुरावा नव्हे. जो जवळ जात नाही त्याला न्याय करायचा अधिकार नाही, मग तो वर्दीतला असो की गर्दीतला. बोटाने पुढे ढकललेला व्हिडिओ हासुद्धा उगारलेला हात आहे.

परवा सेलूला एका लग्नात पंगतीला बसलो होतो. शेजारच्याने मोबाइल पुढे केला. "पहा साहेब, आजकालची पोरं! जनावरं हायेत."

तोच व्हिडिओ होता. मी वर पाहिलं. दोघांतला मोठा, आता मिसरूड फुटलेला, वरणाची बादली घेऊन पंगतीत वाढत येत होता. त्याची नजर मोबाइलवर गेली. त्याने वाटी बादलीत बुडवून भरली.

मग त्याने वाकून त्या माणसाला विचारलं, "काका, वरण देऊ?"